पट्टी मी बांधली होती

४ मार्च

प्रिय धाकटे,

आधी पाकीट झटकून बघ. आत पत्रक नाही, रंगीत कार्ड नाही, बायबलचं वचन छापलेली पुस्तकखूण नाही. हे दोन कागद आहेत आणि दोन्हींवर माझंच वाकडं अक्षर आहे.

नऊ वर्षांत मी तुला एकवीस पत्रं पाठवली आणि एकवीसच्या एकवीस न फोडता परत आली. पोस्टमन आता पाकीट हातात देताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही, बिचाऱ्यालाच लाज वाटते. गेल्या महिन्यात कपाट आवरताना त्यातली चार मी स्वतः फोडून वाचली. वाचता वाचता मलाच जांभया आल्या. अगं, चौदा पानांच्या पत्रात ‘तू कशी आहेस’ हे एकदाही विचारलेलं नव्हतं! तू ती फोडली नाहीस ते बरंच केलंस.

तर, तू कशी आहेस? ग्रंथालयातली नोकरी चालू आहे ना? जिन्याची चढउतार अजून करावी लागते का? लहानपणी तू एका जागी पाच मिनिटं बसायची नाहीस, आणि नेमकी सगळ्यांना ‘शांत बसा’ सांगायची नोकरी तुलाच मिळाली, याचं मला अजून हसू येतं.

आमचं बरं चाललं आहे. तुझे भावोजी बसच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांचा उजवा कान पूर्ण गेला. म्हणतात, “ज्या बाजूला तू झोपतेस नेमका तोच कान गेला. देव आहे हे मला आता पटायला लागलंय.” मी रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाते, ते घरी कांदे चिरून ठेवतात. एवढ्या वर्षांत ते माझ्याबरोबर एकदाही आले नाहीत आणि एकदाही आडवे आले नाहीत.

मी अजून रुग्णालयाच्या धुलाईघरातच आहे. आता इस्त्रीच्या विभागाची मुख्य झाले आहे. म्हणजे हाताखाली सहा बायका आणि डोक्यावर एक साहेब. इस्त्री म्हटल्यावर हातातली डोळ्यासमोर आणू नकोस. खोलीभर लांब यंत्र आहे, त्यात तापलेला जाडजूड रोलर फिरतो. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती तोंडाशी लावायची, की पलीकडून कडक होऊन बाहेर येते. दिवसाला नऊशे चादरी होतात. मी तिथे भजनं म्हणते. यंत्राचा आवाज मोठा असतो, त्यामुळे कोणाला त्रास नाही असं मी समजत होते.

गेल्या महिन्यात एक नवी आली आहे. हाताएवढी चण, कमरेपर्यंत केस आणि जीभ अशी की सगळ्या तिला लवंगी म्हणतात, मिरचीवरून. मला ती ‘पाळकीणबाई’ म्हणते, जणू चर्चमध्ये उपदेश करणारी पाळक मीच. भिंतीवर मी सुंदर अक्षरात एक वचन लावलं आहे, पापं हिमासारखी शुभ्र होण्याबद्दल. ते वाचून पहिल्याच दिवशी म्हणाली, “वाचून पांढरं होत असेल तर साबण कशाला आणायचा?” सगळ्या हसल्या. मी मात्र तिला दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं समजावून सांगितलं. ती डबा खात ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, “बाई, तुमचा घास तसाच राहिला बघा.”

त्या दिवसाबद्दल आज लिहीत नाही. कोणत्या ते तुला ठाऊक आहे. हे पत्र परत नाही आलं तर बघू.

तुझी,
ताई

१९ मार्च

प्रिय धाकटे,

पंधरा दिवस झाले, पत्र परत आलं नाही. पोस्टमन आज पायऱ्यांवरूनच “काही नाही!” असं ओरडला, अगदी पेढे वाटायच्या थाटात. तू ते वाचलंस की नुसतंच कुठेतरी टाकलंस, ते मी विचारणार नाही.

इथे मात्र वाईट झालं. लवंगीचा हात यंत्रात सापडला.

गेल्या बुधवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास. ती आणि मी समोरासमोर उभ्या होतो. चादरीचा कोपरा दुमडला म्हणून तिने तो डाव्या हाताने सरळ केला आणि चादरीबरोबर तिची बोटं आत ओढली गेली. मी लाल बटण दाबलं, पण तेवढ्या दोन क्षणांत व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती ओरडली नाही, गं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती माझ्याकडे बघत राहिली. रुग्णालयातच असल्यामुळे पाच मिनिटांत डॉक्टरांकडे नेली. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काढावं लागलं. उरलेला हात भाजला आहे, पण राहील म्हणतात.

यंत्राच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात चुकून पुढे गेला की दांडी ढकलली जाते आणि रोलर जागच्या जागी थांबतो. त्या दिवशी ती दांडी चालली नाही.

आता चौकशी बसणार आहे. साहेबांनी स्वतःचं टिपण तयार केलं आहे. लवंगी कामात बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं, दांडी तिनेच मागे सारली असावी, असं. ती अजून कायम झालेली नाही, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आहे, तेव्हा चूक तिची ठरली तर नोकरी गेलीच. घरी तिचे आंधळे वडील आहेत, आणखी कोणी नाही.

“मुख्य म्हणून तुमचीही सही लागेल,” साहेब मला म्हणाले. “तुम्ही धार्मिक बाई आहात, तुमच्या शब्दाला इथे वजन आहे.”

मी अजून सही केलेली नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी आले. चर्चच्या मंडळीत सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. मी डोळे मिटून बसले होते.

ताई

२ एप्रिल

धाकटे,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली.

दांडी चालली नाही असं मी लिहिलं. ती चालणार कशी? मी ती बांधून ठेवली होती.

जाड शिवणीची चादर आली की ती दांडी उगाच ढकलली जायची आणि यंत्र थांबायचं. दिवसातून चाळीस वेळा. मग पुन्हा चालू करा, रोलर तापायची वाट बघा, वरच्या मजल्यावरून फोन घ्या की चादरी कुठे आहेत. दुरुस्तीसाठी मी दोनदा चिठ्ठी दिली, कोणी फिरकलं नाही. शेवटी जानेवारीत मी एका फाटक्या चादरीची पट्टी काढली आणि दांडी मागे ओढून घट्ट बांधून टाकली. काम कसं सुरळीत झालं! साहेबांनी माझं कौतुक केलं. पट्टी पांढरी, यंत्र पांढरं, कोणाला दिसलीही नाही. मी ‘देवाने युक्ती सुचवली’ असं म्हणाले होते, मनातल्या मनात.

आणि पुढचं ऐक. लवंगीला घेऊन सगळ्या धावल्या, खोलीत मी एकटी उरले, तेव्हा मी काय केलं? ती पट्टी सोडली आणि एप्रनच्या खिशात घातली. विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप गेला. चांगली बाई म्हणून वीस वर्षं जगले, पण हाताला आधी लपवायचंच सुचलं.

त्या रविवारी उपासनेत साक्ष देण्याची पाळी माझी होती. म्हणजे आपल्या आयुष्यात ख्रिस्ताने काय केलं ते उभं राहून सांगायचं. मी उभी राहिले की पाळक घड्याळ बघून बसतात, एवढी माझी ख्याती आहे. मी उठले. पन्नास माणसं वाट बघत होती. मला एक शब्द सुचेना. खाली बसले. पाळकांना वाटलं घसा बसला असेल, त्यांनी नंतर मला आल्याचा तुकडा आणून दिला.

पट्टी सापडली तुझ्या भावोजींना. एप्रन धुवायला टाकताना ते खिसे तपासतात. ती हातात धरून स्वयंपाकघरात आले. टोकाला काळं तेल लागलं होतं, गाठीच्या चुण्या तशाच होत्या.

“हे काय गं?”

मी सांगितलं. चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहून, सगळं.

ते बराच वेळ पट्टी गुंडाळत आणि उलगडत बसले. मग म्हणाले, “तुझ्या देवातलं मला काही कळत नाही. पण तू त्याच्याबद्दल इतकी वर्षं जे सांगतेस, ते ऐकून मला वाटायचं की तो खोटं खपवून घेणारा नसावा. आता तूच ठरव, मी चुकीचं ऐकलं का. कान तसाही एकच आहे.”

दुसऱ्या दिवशी चौकशी होती. लांब टेबल, पलीकडे तिघं. मध्ये प्रमुख डॉक्टरीणबाई, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. माझ्यापुढे टिपण सरकवलं. मी पट्टी काढून त्याच्यावर ठेवली.

“ही मी बांधली होती,” म्हणाले. “जानेवारीपासून. तिला माहीत नव्हतं. अपघात झाल्यावर सोडली तीही मीच, आणि लपवली.”

कारकुनाचं पेन थांबलं. साहेब पुढे वाकून हळूच म्हणाले, “बाई, तुमची दोनच वर्षं राहिलीत. नीट विचार करून बोला.”

“विचार करायला सहा दिवस घेतले साहेब, म्हणून तर उशीर झाला.”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दुरुस्तीच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या म्हणता, त्या कोणाकडे?” मी साहेबांकडे बघितलं. ते खाली टेबलाकडे बघायला लागले.

निकाल असा लागला. लवंगीची चूक नाही, तिची नोकरी पक्की. साहेबांना ताकीद मिळाली. मला मुख्य पदावरून काढून मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं. काढून टाकणार होते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वतःहून सांगणारं माणूस हाकललं तर पुढे कोणी सांगणार नाही.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला गाठलं. “सांगायची काय गरज होती? आता बाहेरचे म्हणतील, ख्रिस्ती म्हणवतात आणि असं वागतात. आपलं नाव खराब झालं.” मी म्हणाले, “मावशी, नाव खराब झालं ते पट्टी बांधली तेव्हाच. आता कुठे धुवायला टाकलंय.”

ताई

२१ एप्रिल

प्रिय धाकटे,

मळक्या कपड्यांची खोली तळघरात आहे. वरच्या मजल्यांवरून नळकांड्यातून गाठोडी येऊन धप्पकन पडतात. ती सोडायची, चादरी एकीकडे, टॉवेल एकीकडे, रक्ताचं वेगळ्या पिंपात. दोन जोड हातमोजे, तोंडाला फडकं. पहिले तीन दिवस घास उतरला नाही. आता सवय झाली. कपड्यांत काय काय सापडतं, तुला सांगू? चष्मे, लग्नाच्या अंगठ्या, एकदा तर संपूर्ण कवळी! ती मी मजल्या मजल्यावर विचारत फिरले. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा तोंड मिटून बसले होते, त्यांचीच निघाली. घालून पहिलं वाक्य बोलले ते माझ्यावर खेकसूनच.

आणि तुला खरं सांगू का, मला इथे बरं वाटतं. वर मी मुख्य होते तेव्हा दिवसभर कोणीतरी मला बघतंय असं वाटायचं आणि मी त्याप्रमाणे चालायची. इथे कोणीच नसतं. परवा माझ्या लक्षात आलं की मी प्रार्थना करत होते आणि ओठ हलत नव्हते.

लवंगीकडे मी पहिल्याच आठवड्यात गेले होते. पाचव्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. मी दारात दिसताच म्हणाली, “माझी बोटं आणलीस का? नाही ना? मग जा.”

मी गेले. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर पुन्हा गेले. तिने तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुझ्या देवाने पाठवलं का?” मी म्हणाले, “नाही गं, माझी मीच आले.” चौथ्या दिवशी तिने एका हाताने केस विंचरायला घेतले होते. एवढे लांब केस, गुंता झालेला, फणी अडकून राहिली होती आणि ती रागाने रडत होती. मला बघून ओरडली, “उभी काय राहिलीस खांबासारखी? सोडव की!”

मी सोडवली. मग खोबरेल आणून गुंता मोकळा केला, टोकाकडून वर, आपली आई करायची तसा. वेणी घातली. तासभर लागला. ती बोलली नाही, आणि, धाकटे, बस खाली, मीही बोलले नाही. एक अक्षर नाही. तेव्हापासून रोज जाते. सतरा दिवस झाले. रोज साडेचारला वेणी.

मग गेल्या सोमवारी तिनेच विचारलं. पाठमोरी होती, वेणी अर्धी झाली होती.

“पाळकीणबाई, तू गप्प कशी? आजारी आहेस का?”

“नाही.”

“मग बोल ना तुझं ते.” मी पुढचा पेड गुंफला. “एक सांग. पट्टी कोणी पाहिली नव्हती. साहेब तुझ्या बाजूने होता. सांगितलंस कशाला? देव बघतो म्हणून भ्यालीस?”

ज्या गोष्टीवर मी हजार वेळा बोलले, तिच्यावर मला पहिल्यांदाच कोणीतरी प्रश्न विचारत होतं. आणि पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

मी म्हणाले, “भीती होती, पण ती साहेबांची. त्याची नव्हती. मी रोज येशूचं नाव घेते ना, तर त्या सहा दिवसांत मला सारखं वाटायचं की तो माझ्या घरात नाही. तो इथे आहे, तुझ्या या खाटेशी बसलाय. ज्याला लागलंय त्याच्याकडे तो जातो, तो तसाच आहे. मला त्याच्याजवळ यायचं होतं. यायला दुसरी वाट नव्हती, खरं सांगण्यावाचून.”

तिने हात मागे नेऊन अर्धी वेणी चाचपून पाहिली. मग म्हणाली, “वेणी सैल घालतेस तू. घट्ट घाल.”

झालं. माझी साक्ष एवढीच. मिनिटभराचीही नसेल.

पण घरी येताना बसमध्ये माझ्या डोळ्यांना खळ नव्हता, कारण मला तुझं घर आठवलं. आता लिहिते. तुला ते ठाऊक आहे, पण मी ते माझ्या तोंडाने कधी म्हटलेलं नाही.

मास्तरांचा तो शेवटचा आठवडा. तुझ्या नवऱ्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं, मीही म्हणायची. तू औषध आणायला गेलीस, अर्धा तास त्यांच्याजवळ बस म्हणालीस. मला वाटलं देवाने अर्धा तास दिला. मी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागले. ते म्हणाले, “पाणी.” मी म्हणाले, “हो हो, एवढा अध्याय होऊ द्या.” ते पुन्हा म्हणाले. मी बोट वर केलं, वर्गातल्या मुलाला करतात तसं. पेला स्टुलावर होता, माझ्या हाताच्या अंतरावर. त्यांचा हात पोचत नव्हता. मी वीस मिनिटं वाचत राहिले. तहानेल्याला पाणी देण्याबद्दल ख्रिस्ताने काय सांगितलं आहे, ते मला तेव्हाही तोंडपाठ होतं.

तू आलीस तेव्हा ते पेल्याकडे बघत होते. तू ओरडली नाहीस. माझ्या हातातलं पुस्तक मिटलंस, ते मला परत दिलंस आणि दार उघडून उभी राहिलीस. पायऱ्या उतरताना मी मनात काय म्हणाले, सांगू? म्हणाले, विश्वासासाठी छळ सोसावाच लागतो.

नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले की माझी बहीण माझ्या धर्मामुळे माझ्याशी बोलत नाही. ते खोटं आहे. तू माझ्या धर्मावर रागावली नव्हतीस. मी त्याच्याविरुद्ध वागले म्हणून रागावली होतीस.

मला माफ कर, असं लिहून तुझ्यावर ओझं टाकत नाही. माझं चुकलं. मास्तर तहानलेले होते आणि मी पाणी दिलं नाही.

ताई

१२ मे

माझी लाडकी धाकटी,

तुझं कार्ड आलं! पोस्टमनने घंटी इतकी वाजवली की तुझ्या भावोजींनासुद्धा ऐकू आली. मी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या आठ ओळी मला पाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवून काढते, म्हणजे मला खरं वाटेल:

‘चारही पत्रं वाचली. पहिलं फोडलं, कारण पाकीट पातळ होतं. त्या दिवशी तू गेल्यावर ते पोटभर पाणी प्यायले. मग म्हणाले, तुझी ताई वाचते मात्र छान. मला त्यांचाही राग आला होता. माफ केलं असं लिहीत नाही, अजून ठरलेलं नाही. पंचवीस तारखेला दुपारच्या गाडीने येते, दोन दिवस राहीन. स्वयंपाकात तिखट बेताचं टाक.’

ठरलं नसलं तरी ये. न ठरवता ये. ते पाणी प्यायले हे तू मला सांगितलंस, एवढं मला पुष्कळ आहे, मी ते घेऊन बसले आहे.

बस थांब्यावर उतरलीस की तिथेच उभी राहा, तुझे भावोजी न्यायला येतील. हाक त्यांच्या डाव्या बाजूने मार. खिडकीजवळची खोली तुझी, तिथे वारा येतो. चादर मी स्वतः धुतली आहे.

लवंगी परवा कामावर आली. एका हाताने जमेल असं काम हवं म्हणून तिला कुठे पाठवलं असेल? खाली, माझ्याकडेच! आल्या आल्या म्हणाली, “आता रोज तुझं तोंड बघायचं नशिबी आलं. बोटं गेली ते कमी होतं का?” आणि माझ्या शेजारचं स्टूल ओढून बसली.

वाट बघते आहे.

ताई

१ जून

प्रिय धाकटे,

नीट पोचलीस, कार्ड मिळालं. पिशवीत लोणच्याची बरणी तिरकी झाली त्याबद्दल तुझे भावोजी माझ्यावर खापर फोडताहेत. बरणी त्यांनी भरली होती, एवढं नोंदवून ठेवते.

तू गेल्यापासून लवंगी मला रोज चिडवते. रविवारी दुपारी ती वडिलांना घेऊन आली तेव्हा तुम्ही दोघी गच्चीत काय बोललात, ते तू मला सांगितलं नाहीस. तिने सांगितलं. म्हणे तू तिला विचारलंस, “ही तुलाही उपदेश करते का गं?” आणि ती म्हणाली, “एकदाच बोलली, मी विचारलं म्हणून. पण वेणी रोज घालते.” मग तू म्हणालीस, “ही? माझी ताई?” आणि तुम्ही दोघी पोट धरून हसलात. हसा. मला खाली स्वयंपाकघरात ऐकू येत होतं आणि माझ्या हातून पोळी करपली.

लवंगीने माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही. काल हातमोजा घालताना तिने रिकामी दोन बोटं आत खोचली आणि म्हणाली, “हे बघून तुला अजून वाईट वाटतं का?” मी म्हणाले, “हो.” ती म्हणाली, “वाटू दे.” आणि मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली. तिच्या वडिलांना आमच्या मंडळीतली गाणी आवडतात, म्हणून ती त्यांना दाराशी सोडते आणि बाहेर बाकावर बसते. आत येत नाही. “तुम्ही लोक बेसूर गाता,” म्हणते. ते काही खोटं नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. सोमवारी, तू निघायच्या आधी, जेवण झाल्यावर तू खिडकीजवळच्या खाटेवर आडवी झालीस आणि म्हणालीस, “ते तुझं पुस्तक आण. मास्तर म्हणाले होते तू छान वाचतेस, बघू तरी. पण मी थांब म्हटलं की थांबायचं.” मी आणलं. कुठलं पान वाचू ते कळेना. दोन मुलगे असलेल्या बापाची गोष्ट वाचायला घेतली. धाकटा घर सोडून लांब गेला, त्याच्याजवळचं सगळं संपलं, तो उठून घराकडे निघाला, बापाने त्याला लांबूनच पाहिलं, इथपर्यंत आले आणि तू म्हणालीस, “थांब.”

मी थांबले. वाक्य अर्धं होतं, धाकटे. क्रियापदसुद्धा आलं नव्हतं.

तुझे डोळे मिटले आणि तू झोपलीस. त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. मी ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. तुझे भावोजी दारातून डोकावले, तू झोपलेली बघून चपला हातात घेऊन गेले. तुझ्या कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत, ते मी पहिल्यांदाच नीट पाहिले. झोपेत तू अजून लहानपणीसारखी मूठ गालाखाली घेतेस. मला काही मागावंसं वाटलं नाही, कोणाला काही सांगावंसं वाटलं नाही. पाऊण तास गेला असेल. बोटाला मुंग्या आल्या तरी मी ते उचललं नाही.

मग तू डोळे उघडलेस, छताकडे बघत राहिलीस आणि जणू मधे काही घडलंच नव्हतं अशा आवाजात म्हणालीस, “हं. मग पुढे?”

तुझी,
ताई